नवरदेवावर डेमो

१३ एप्रिल २००७, शुक्रवार. ठरलेली रक्कम व्हिजिटचे साडेतीनशे रुपये. हजर: मी, शहापूरच्या 'सहयोग ग्राफिक्स'चे दोन भागीदार हरेश आणि नितीन देसले, आणि त्या दोघांची टोकावड्याची यमुनाआत्या. चौघांच्या मधे टेबलावर एक लग्नपत्रिका. पत्रिकेवर आत्याच्या मुलाच्या नावावरून तिरपा, फिकट राखाडी रंगातला एक इंग्रजी शब्द गेलेला: डेमो.

"ओ भाऊ, माझा सुनील डेमो हाय काय?" आत्यानं मला विचारलं. मी अजून बॅगही खाली ठेवली नव्हती.

मी आसनगावला राहतो. ठाण्यातली कंपनी बंद झाली तेव्हापासून शहापूर-मुरबाड भागातल्या दुकानांचे, शाळांचे, दवाखान्यांचे कम्प्युटर सांभाळतो. व्हायरस काढणं, प्रिंटर जोडणं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलणं, असलीच कामं जास्त. सहयोगमध्ये मात्र मॅक होता. मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीनं काढून टाकलेला, सेकंडहँड. त्या काळी आमच्या तालुक्यात दुसरा असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे त्याला काही झालं की मलाच बोलावणं येई. मला त्याचं सगळं येत होतं असं नाही, पण बाकीच्यांना काहीच येत नव्हतं.

पत्रिकेचा नमुना चार दिवसांपूर्वी डोळखांबकडच्या व्याह्यांना पोचला होता. व्याही शेतकरी माणूस. त्यांनी दहावी झालेल्या पुतण्याला विचारलं, हे काय लिहिलंय. पुतण्यानं मोबाइलच्या दुकानात पाहिलं होतं तेवढं सांगितलं: डेमो म्हणजे नुसता दाखवायला ठेवलेला पीस. खरा माल नंतर येतो. त्यावर व्याह्यांचा टोकावड्याला निरोप आला की मग खरा नवरा कधी दाखवता.

आत्याला यातलं काहीही गमतीचं वाटत नव्हतं. लग्न नऊ दिवसांवर होतं. दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिलची सुट्टी, म्हणून पाच पोरं पाच मोटरसायकली घेऊन पाड्यापाड्यांत पत्रिका वाटायला निघणार होती. रविवारी मोटरसायकली परत ज्याच्या त्याला. म्हणजे छपाईचा साचा ज्यावरून बनतो तो मजकुराचा ट्रेसिंग पेपर संध्याकाळपर्यंत स्क्रीन प्रिंटिंगवाल्याच्या हातात पडायला हवा. नाही पडला तर रविवारी व्याही चार मोठी माणसं घेऊन स्वतः नवरा तपासायला येणार होते. तसं त्यांनी कळवलंच होतं.

मलाही घाई होती. वस्तीतल्या जयंतीच्या वर्गणीचा हिशेब माझ्याकडे होता आणि तो त्याच संध्याकाळी वाचून दाखवायचा होता.

मी पहिला प्रश्न विचारला: नमुना बाहेर गेला तेव्हा हा शब्द कुणाला दिसला नाही का?

दोघांनाही दिसला होता. पण वडिलोपार्जित जमिनीची वाटणी झाल्यापासून या चुलतभावांत अबोला होता. दुकान तेवढं सामाईक राहिलं. सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात तशा मशीनच्या पाळ्या ठरल्या: दोन वाजेपर्यंत हरेश, दोननंतर नितीन. गिऱ्हाइकाचा निरोप एकमेकांना द्यायचा तर समोरच्या चहावाल्यामार्फत. हरेशला वाटलं, नितीननं काहीतरी नवीन डिझाइन टाकलंय. नितीनला वाटलं, हरेशनं. आणि डेमो या शब्दाबद्दल चहावाल्याला काय सांगायचं, हे दोघांनाही सुचलं नाही.

माझा पहिला संशय डोंगलवर गेला. मराठी टाइप करण्याचं सॉफ्टवेअर तेव्हा महाग असे. त्याची चोरी होऊ नये म्हणून कंपनी सोबत एक बोटाएवढी चावी देई, ती मशीनच्या मागे खोचायची. तिला डोंगल म्हणतात. चावी दिसली नाही की सॉफ्टवेअर चालतं, पण प्रत्येक पानावर डेमो छापतं.

"डोंगल कुठाय?" मी विचारलं.

नितीननं शर्टाचं वरचं बटण काढलं. डोंगल काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात होतं. सासऱ्यांनी दिलेल्या पैशातून त्यानं ते एकट्यानं घेतलं होतं, म्हणून ते रोज घरी जाई आणि सकाळी चहावाल्याच्या ताब्यात येई. चहावाला ते हरेशला देई आणि दोन वाजता परत घेऊन नितीनच्या हातात ठेवी. आत्या म्हणाली, ताईत असता तर गुण तरी आला असता.

डोंगल मी दोन वेगवेगळ्या खाचांत लावून पाहिलं. त्यातला दिवा लागला. म्हणजे चावी धड होती. सॉफ्टवेअर उघडलं, पुन्हा डेमो. मग मी मशीन बंद करून चालू केलं आणि नीट बघत बसलो. सुरू होताना एक पाटी आली. ती पाटी गेले कित्येक दिवस येत होती आणि दोघेही ती रोज न वाचता ओके करत होते. पाटीचा अर्थ असा: डोंगलचं सिस्टिम एक्स्टेन्शन चुकीच्या पद्धतीनं बसवलेलं आहे, म्हणून वापरता येत नाही.

हे एक्स्टेन्शन म्हणजे काय ते सांगतो. कम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम असतो. मेमरी कुणाला किती, डिस्कवर कोण लिहिणार, हे सगळं तो ठरवतो. डोंगलसारखी बाहेरची वस्तू त्याला ओळखता येत नाही. म्हणून त्या वस्तूची कंपनी एक फाईल देते, ती कर्नलला जोडली जाते. तिला कर्नल एक्स्टेन्शन म्हणतात. ही फाईल थेट कर्नलच्या पंगतीला बसते, त्यामुळे तिची तपासणी कडक. तिचा मालक 'रूट' नावाचा युजर असला पाहिजे, गट 'व्हील' असला पाहिजे, आणि रूट सोडून कुणालाही तिच्यात बदल करता येता कामा नये. यातलं एक जरी चुकलं तरी मशीन तिला आत घेत नाही.

मी त्या फाईलची माहिती उघडली. मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं: नितीन. आणि खाली परवानग्यांत सगळ्यांना लिहिण्याची मुभा.

"हे कुणी केलं?"

मग दोघेही माझ्याशी बोलले, एकमेकांशी नाही. मशीन आणलं तेव्हा पहिलं खातं हरेशच्या नावानं उघडलं गेलं, त्यामुळे दुकानातल्या प्रत्येक फाईलवर मालक म्हणून हरेश. हे नितीनला एके दिवशी दिसलं. निम्मे पैसे त्याचे होते. त्यानं ते सातबारा वाचावा तसं वाचलं आणि निम्म्या फाईली गुपचूप स्वतःच्या नावावर केल्या. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, बारशाची कार्डं, सगळ्यांची वाटणी. त्यानं काहीच बिघडलं नाही, म्हणून धीर वाढला. शोधत शोधत तो सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शिरला. तिथे डोंगलची फाईल सापडली. डोंगल त्याच्या सासऱ्याचं आणि फाईल भलत्याच कुणाच्या नावावर.

"सिस्टिम म्हणून कोण होता, त्याच्या नावावर होती," नितीन म्हणाला. "मी बोललो, हा कोण मधीच?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीत हरेशनं ते पाहिलं. फाईल नितीनच्या नावावर राहू दे, पण वहिवाट सगळ्यांची, असं म्हणून त्यानं खालच्या रकान्यात सगळ्यांना मुभा देऊन टाकली. त्याच्या मते तो मोठेपणा होता.

मी त्यांना सांगितलं की ही फाईल दोघांपैकी कुणाचीच असून चालणार नाही. तिचा मालक रूटच, नितीनला 'सिस्टिम' म्हणून दिसला तोच.

"कुणाचा तो?" आत्यानं विचारलं. "आपल्यातला हाय का?"

मी म्हटलं, आत्या, तो माणूस नाही. गावदेवाच्या नावावर जमीन असते ना, तसं समजा. पुजारी कसतो, पण विकू शकत नाही आणि वाटणीही मागू शकत नाही. आत्यानं मान हलवली आणि दोन्ही भाच्यांकडे पाहिलं. बरं झालं देवाच्या नावावर काहीतरी राहिलं, नायतर यांनी देवळाच्या पायऱ्या पण मोजल्या असत्या, असं ती म्हणाली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची, त्यात मालक बदलण्याची आज्ञा द्यायची, मग परवानग्या बदलण्याची. अशी आज्ञा देताना मशीन पासवर्ड विचारतं. हरेशनं स्वतःचा टाइप केला, तेव्हा नितीननं तोंड भिंतीकडे केलं. मालक रूट झाला, गट व्हील झाला, बाकीच्यांची लिहिण्याची मुभा गेली. मी माहिती उघडून दोघांना दाखवली. मग मशीन परत सुरू केलं, सॉफ्टवेअर उघडलं, पत्रिका काढली.

डेमो.

"तुमचे पैसे देवाच्या नावावर करायचे का आता?" नितीननं विचारलं. मी आल्यापासून पहिल्यांदाच हरेश हसला, आणि आपण नितीनच्या बोलण्यावर हसलो हे लक्षात येताच थांबला.

आत्या हसली नाही. तिनं पत्रिका उचलली आणि चष्मा लावून सावकाश वाचू लागली. बहुधा आता हेच छापावं लागणार, असं तिला वाटलं असावं. वाचता वाचता 'आपले नम्र' या ओळीवर ती अडकली.

"यात दत्तू कसा?"

दत्तू म्हणजे नितीनचे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. वारून दोन वर्षं झाली होती. हरेशनं सांगितलं की सुनीलच्या बहिणीच्या लग्नाची जुनी फाईल होती, तीच उघडून फक्त नवरा-नवरीची नावं बदलली. बाकी यादी होती तशीच. दर वेळी सगळ्या गोतावळ्याची नावं कोण परत टाइप करणार?

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. मशीननंही नेमकं तेच केलं होतं.

सुरू होताना शंभर-सव्वाशे एक्स्टेन्शन एकेक करून तपासायला वेळ लागतो. म्हणून मशीन एकदा सगळी तपासतं आणि एक गठ्ठा बांधून ठेवतं. त्याला कॅश म्हणतात. पैशांचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी ते थेट गठ्ठाच उचलतं. मूळ फोल्डर बदललेलं दिसलं तरच गठ्ठा नव्यानं बांधतं. मी फाईलचा मालक बदलला होता, पण फोल्डरच्या दारावर बदल झाल्याची खूण पडली नव्हती. मशीन जुन्याच गठ्ठ्यावर चाललं होतं, आणि तो गठ्ठा डोंगलची फाईल वाळीत टाकलेली असताना बांधलेला.

हे मी दत्तूमामांच्या नावावर बोट ठेवून समजावलं.

"म्हंजे वारलेल्याला आवतण आन् नव्या सुनेला नाय," आत्या म्हणाली.

पंधरा वर्षांत मी कॅश अनेकांना समजावली आहे. याहून सोपं मला कधी सांगता आलेलं नाही.

मी गठ्ठ्याची फाईल पुसली. फोल्डरवर हात फिरवल्यासारखी एक आज्ञा असते, तिनं त्याची तारीख आजची होते, ती दिली. मशीन पुन्हा सुरू केलं. या वेळी पडद्यावर ते राखाडी चाक बराच वेळ फिरत राहिलं. गठ्ठा नव्यानं बांधला जात होता. हरेश उठून नितीनच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. नितीन बाजूला सरकला नाही, पण हरेशला पडदा दिसेल एवढी मान त्यानं कलती केली. आत्यानं व्याह्यांच्या सगळ्या गुणांची उजळणी सुरू केली.

पाटी आली नाही. पत्रिका उघडली. प्रिंटरनं पान बाहेर टाकलं. आत्यानं ते उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पाठीमागूनही पाहिलं. चि. सुनील. वर काही नाही, तिरपं काही नाही.

दत्तूमामांच्या नावामागे 'कै.' लागून ते वरच्या ओळीत गेले. खालची यादी दोघा भावांनी एकत्र बसून तपासली, कारण आत्या ती तोंडानं सांगत होती आणि तिला दोनदा विचारायची कुणाची छाती नव्हती. ट्रेसिंग घेऊन स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे चहावाला गेला.

माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं. मी बॅग भरली. आत्या म्हणाली, बसा.

तिचा प्रश्न सरळ होता. उद्या परत कुणी नाव फिरवलं तर? सुनीलचं लग्न उरकेल, पण तिच्या दोन भाच्या अजून उजवायच्या होत्या आणि पत्रिका इथेच छापणार होत्या.

यावर कम्प्युटरमध्ये रीतसर उपाय आहे. दोघांची खाती साधी करायची. साध्या खात्याला काम सगळं करता येतं, पण सिस्टिमला हात लावता येत नाही. तिसरं एक खातं ॲडमिनचं, आणि त्याचा पासवर्ड एका जबाबदार माणसाकडे.

हरेश म्हणाला, माझ्याकडे राहू दे. नितीन म्हणाला, मग डोंगल घेऊन मी घरी चाललो. हरेश म्हणाला, साहेबांकडे ठेवू. मी नको म्हटलं. गिऱ्हाइकाच्या चाव्या आपल्या घरी ठेवायच्या नाहीत, हा माझा नियम आहे. चहावाल्याचं नाव निघालं, पण त्याला आधीच खूप काही माहीत होतं.

"मला द्या," आत्या म्हणाली.

तिला कम्प्युटर येत नव्हता. हीच तिची सगळ्यात मोठी पात्रता होती. इंग्रजी अक्षरं येत नव्हती, पण एसटीच्या पाटीवरचे आणि फोनवरचे आकडे येत होते. मी सांगितलं, आकडेच घाला, आठाच्या खाली नकोत, कुठे लिहून ठेवू नका, आणि घरात भरवशाच्या एकाच माणसाला सांगून ठेवा. दोघा भावांना मी रस्त्यावर उभं केलं. स्वतः पाठ फिरवली. मागून एका बोटानं एकेक कळ दाबल्याचा आवाज आला. पासवर्ड दोनदा घालावा लागतो. दुसऱ्यांदा माणसं हमखास चुकतात. आत्याचा पहिल्या झटक्यात जुळला.

जाताना तिनं दाराशी उभ्या दोघांना अट सांगितली. मशीनसाठी तिला न्यायला यायचं तर दोघांनी मिळून यायचं. एकटा आला तर आकडे आठवणार नाहीत.

पत्रिका शनिवारी वाटल्या गेल्या. व्याही रविवारी आले, पण एकटेच आणि जेवायला. नवरा मात्र जाता जाता नीट बघून गेले, असं आत्यानं पुढे मला सांगितलं.

दोन महिन्यांनी दुकानात नवीन प्रिंटर आला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, टाकायला ॲडमिनचा पासवर्ड हवा. दोघांनी आधी सगळे अंदाज करून पाहिले: आत्याच्या लग्नाची तारीख, मतदार कार्डाचा नंबर, म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. काही लागलं नाही. शेवटी दोघे एकाच मोटरसायकलवर टोकावड्याला गेले. मुरबाडपर्यंत कुणी बोललं नाही. मुरबाडला पेट्रोल भरायचं की पुढे ढाब्याजवळच्या पंपावर, यावरून बोलावं लागलं. येताना आत्या मधे बसली आणि शहापूरपर्यंत एकटीच बोलली. पुढे अशा फेऱ्या होत राहिल्या. डोंगल केव्हातरी गळ्यातून उतरून मशीनला लागलं आणि तिथेच राहिलं. चहावाल्याचं काम चहापुरतं उरलं.

त्या मॅकवरचं माझं शेवटचं काम तीन वर्षांनी झालं. आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून तिनं सुनेला पाठवलं. हीच ती सून, जिच्या बापाला खरा नवरा बघायचा होता. भरवशाचं माणूस म्हणून आत्यानं आकडे तिला सांगून ठेवले होते, स्वतःच्या मुलाला नाही. मी पाठ फिरवली. या वेळी कळांचा आवाज दहा बोटांचा आणि एका दमात आला. तिनं कम्प्युटरचा कोर्स केला होता. उठताना ती म्हणाली, डेमोवाली पत्रिका अजून आमच्याकडे जपून ठेवलीय, सुनीलशी भांडण झालं की काढते.

सुनेसोबत आत्याचा एक निरोपही होता. आता तुमचं तुमी बघा, आकडे दोघांना सांगते. दोघे म्हणाले, नको.

शिकण्यासारखं एवढंच की मशीनची मालकी अशा माणसाकडे असावी, ज्याला ते चालवता येत नाही, किंवा जो दूर राहतो. दोन्ही असेल तर उत्तम.

त्या दिवशी, १३ एप्रिलला, मला साडेतीनशे मिळाले: पावणेदोनशे हरेशकडून, पावणेदोनशे नितीनकडून, दोघांना वेगळ्या पावत्या. शेवटच्या कामाचे चारशे मिळाले, एकाच पाकिटातून, पावती सहयोग ग्राफिक्सच्या नावे. सूनबाईंना टोकावड्याचं येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं, आणि आत्यासाठी ऑपरेशननंतर लावायचा काळा चष्मा, दोघा भावांकडून मिळून एक.